टायफॉईडची शहाळी

गणपतीपासून आशालताचं हेच चाललं होतं. गॅससमोर उभी राहिली की रडू यायचं. भाजी करपायची, तरी रडू थांबायचं नाही.

नवरा चंद्रहास माणूस वाईट नव्हता, फक्त लोकांना घाबरायचा. बोळिंजच्या सोसायटीचा सेक्रेटरी तो. टँकरवाल्याच्या अंगावर धावून जायचा, पण बायकोला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की टाकी बघायला गच्चीवर जायचा. शेवटी ऑफिसातल्या एकाने दबक्या आवाजात वसईच्या विनिताबाईंचं नाव सांगितलं. बाई केमिस्टच्या वरच्या खोलीत बसायच्या. मनाचं ऐकून घेणं, हाच त्यांचा धंदा.

पण त्यांची फी मेडिक्लेममध्ये बसेल का? दोघं तळमजल्यावरच्या हरेश्वर एजंटकडे गेले.

"मनाचं काही मिळत नाही, साहेब. ॲडमिट व्हावं लागतं, शरीराला काहीतरी व्हावं लागतं."

"मग मी पाय मोडून घेते," आशालता म्हणाली.

त्यावर दोघा पुरुषांनी खरोखरच विचार केला. मग हरेश्वरने मान हलवली. "टायफॉईड बरा. इज्जतीचा आजार. ओळखीचं नर्सिंग होम आहे, त्या बाईंना तिथंच बोलवा, फी बिलात बसवू."

आशालताला सलाईन लागलं. चंद्रहासने सोसायटीच्या फळ्यावर लिहिलंसुद्धा: आशालता वहिनींना टायफॉईड, भेटायची वेळ चार ते सहा. टायफॉईड काय लपवायचा?

विनिताबाई आल्या तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कॉटखाली शहाळ्यांचा ढीग, कॉटवर सोसायटीतल्या चार बायका.

"या आहाराच्या बाई," चंद्रहास घाईने म्हणाला.

विनिताबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं, मग आशालताला विचारलं, "झोप लागते का?"

"टायफॉईडात कसली झोप?" एका बाईने परस्पर सांगून टाकलं.

आशालता उठून बसली. याच एका तासासाठी तिने हातात सुई टोचून घेतली होती, आणि तो तास या बायका खात होत्या.

"मला टायफॉईड नाही. मला सारखं रडू येतं. डोक्याचं आहे. या बाई त्यासाठी आल्यात."

"वहिनी, हळू. क्लेम जाईल," दारातून हरेश्वर कुजबुजला.

क्लेमच्या आधी बायका गेल्या. कुणाला दूध तापवायचं आठवलं, कुणाला पाणी यायची वेळ झाल्याचं. एकीने तर कॉटखाली वाकून आपलं शहाळं उचललं. ते टायफॉईडसाठी आणलं होतं. दारातला हरेश्वरही सटकला, आणि त्याला गाठायला मागोमाग चंद्रहास पळाला.

विनिताबाईंनी दार लावून स्टूल जवळ ओढलं.

"हं, बोला."