डावीकडचा काटा

फकरोद्दीननं ड्रिलचं टोक बिडाच्या नळावर टेकवलं, एक डोळा मिटून नेम धरला आणि पुन्हा उचललं. खडूची खूण केसभर खाली वाटत होती. त्यानं ती अंगठ्यानं पुसली आणि नव्यानं केली.

"उस्ताद, नथीत मोती बसवायला सोनारबी इतका येळ लावत न्हाई," मोसंबीच्या रिकाम्या क्रेटवर बसलेला बद्रीनाथ म्हणाला. "नळ गाडीवर असतानाच भोक पाडलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"बिडाचा कीस टर्बोत गेला असता. आतला पंखा मिनिटाला लाख फेरे मारतो, बद्रीभाऊ. एक कण गेला की खलास."

हा नळ म्हणजे इंजिनातला जळका धूर टर्बोकडे नेणारा रस्ता. त्या धुराच्या जोरावर टर्बो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. सकाळपासून खपून फकरोद्दीननं तो गाडीतून सोडवला होता. आता त्याला भोक पाडून, आटे पाडून, करंगळीएवढी एक कांडी आत बसवायची होती. कांडीतून निघालेल्या दोन तारा आत गाडीतल्या काट्याला जोडल्या की धूर किती तापलाय ते चालत्या गाडीत दिसणार. इंजिनाचा जीव जायची वेळ आली तर काटा आधीच सांगणार. बद्रीनाथनं पुण्यातल्या पोराच्या, देवानंदच्या मागे लागून तो मागवला होता आणि दस्तीत, म्हणजे हातरुमालात गुंडाळून हसनाबादहून असा जपून आणला होता, की जणू काचेचं भांडं.

जालन्यात भोकरदन नाक्यावरच्या या गॅरेजात असली वस्तू आजवर आली नव्हती. इथं एकच मीटर होतं, ते म्हणजे फकरोद्दीनचा कान. तीस वर्षांत त्यानं त्या कानावर नाव कमावलं होतं. काम झालं की ट्रायल. मालकानं गाडी चालवायची, फकरोद्दीननं डाव्या सीटवर बसून डोळे मिटायचे, आणि राजूरच्या अलीकडच्या चढापर्यंत जाऊन यायचं. चढ संपल्यावर तो "बराबर" म्हणाला तर चहा मालकाचा. नाही म्हणाला, तर चहा फकरोद्दीनचा. त्याच्या चहाची चव फार थोड्या लोकांना माहीत होती, आणि याचा त्याला भारी तोरा होता.

त्यामुळे काट्याचा त्याला रागच आला होता. आपला कान आता पुरत नाही, असंच बद्री न बोलता सांगतोय. आणि राग जास्त यायचं कारण असं की ते खरं होतं.

दोन वर्षांत बारीक आवाज एकेक करून निघून गेले होते. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी. बायको रहिमुन्निसा त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवून विचारायची, "कित्ती सीट्यां हुई?" आणि तो अंदाजे आकडा सांगायचा. दोनदा डाळ करपली. त्यानंतर शिट्ट्या मोजायचं काम तिनं गुपचूप स्वतःकडे घेतलं. इंजिनाची जाड धडधड अजून नीट ऐकू यायची, म्हणून बाहेर कुणाला कळलं नव्हतं. पण टर्बो बोलतो तो शिट्टीतच.

दिवाळीच्या आधी बद्रीनाथच्या गाडीची ट्रायल घेऊन त्यानं "बराबर" म्हटलं होतं. दोन दिवसांनी बद्रीनाथ घरच्यांना घेऊन निघाला आणि कन्नडच्या घाटात गाडीनं मान टाकली. हवेच्या नळीला चीर होती, हवा फुसकत होती, त्या नादात टर्बो जळाला. त्याची बायको सोनूबाई लेकी-नातवंडांना घेऊन उन्हात चार तास दगडावर बसून राहिली. गाडी ओढून आणली तेव्हा बद्रीनाथ म्हणाला होता, "माझीच चूक, उस्ताद. लईच पळवली." फकरोद्दीननं ते ऐकून घेतलं, वर चार शब्द सुनावलेही. फाटलेली नळी मात्र हातात घेऊन तो संध्याकाळपर्यंत बसला होता.

आज सकाळी मस्तगडातल्या घरातून निघताना तो रहिमुन्निसाला म्हणाला, "बद्री की गाडी आखरी. कल से दुकान बंद."

ती म्हणाली होती, "पहले नाश्ता करो."

दुपारपर्यंत नळ जागेवर बसला. हवेची नळी आवळणारे पट्टे त्यानं दोनदा तपासून कसले. तारा आत घेतल्या. या तारा कापायच्या नाहीत, कापल्या तर काटा खोटं बोलतो, असं देवानंदनं कागदावर लिहून दिलं होतं. काटा हातात धरून फकरोद्दीन चालकाच्या बाजूला वाकला.

"तिथं नका," बद्रीनाथ म्हणाला. "डावीकडं बसवा."

"डावीकडं कुणाला दिसणार?"

"डावीकडंच बसवा. अन् तोंड जरा सीटकडं वळवा."

"अरे, गाडी तू चालवून राह्यला का डावीकडचा माणूस?"

"मला रस्ता बघायचा का काटा? त्यात चष्म्याचा नंबर वाढलाय," बद्रीनाथ म्हणाला आणि बिडी शोधायच्या निमित्तानं बाहेर गेला.

असलं आडमुठं गिऱ्हाईक तीस वर्षांत पाहिलं नाही, असं पुटपुटत फकरोद्दीननं काटा डावीकडे बसवला. उरलेल्या तारेचं वेटोळं करून आत नीट बांधलं. काम शेवटचं असलं म्हणून काय, ते त्याला घाण करता येत नव्हतं.

गाडी नाक्यावरून निघाली तशी फकरोद्दीननं सवयीनं डोळे मिटले. धडधड छान होती. तिच्यावर जिथं शिट्टी असायला हवी तिथं काहीच नव्हतं. पूर्वी त्या जागी एक बारीक सूर लागलेला असायचा. आता नुसती पोकळी. चढ संपला की काय म्हणायचं, याची त्याला धास्ती वाटली.

"उस्ताद, किती झालं?"

"काय?"

"काटा. मला न्हाई दिसत इथून."

फकरोद्दीननं डोळे उघडले. "साडेतीनशे डिग्री."

दुतर्फा मोसंबीच्या बागा मागे पडत होत्या. थोड्या वेळानं बद्रीनाथनं पुन्हा विचारलं, यानं पुन्हा सांगितलं. चढ लागला. चारशे झाले, पाचशे झाले. अर्ध्या चढावर सहाशे. फकरोद्दीन आता पुढे सरकून बसला. गाडीत दोन माणसं, मागे काही ओझं नाही, आणि एवढ्याशा चढाला साडेसहाशे? धूर तापतो कधी? डिझेल मिळतं आणि हवा कमी पडते तेव्हा. आणि हवा कमी पडते कधी?

"गाडी बाजूला घे," तो एकदम म्हणाला. "जल्दी!"

बद्रीनाथनं गाडी बाजूला घेतली. एका शब्दानंही का म्हणून विचारलं नाही.

फकरोद्दीननं बॉनेट उघडलं, पाण्याच्या बाटलीतलं पाणी तळहाताला लावलं आणि बद्रीनाथला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं. ओला हात हवेच्या नळीवरून फिरवत नेला. टर्बोजवळच्या पट्ट्यापाशी गार फुंकर लागली. गार असताना कसलेला पट्टा गरम झाल्यावर सैल पडला होता. मग काटा उतरल्यावर इंजिन बंद करून, निवू देऊन, त्यानं पट्टा पुन्हा कसला.

पट्टा कसताना त्याला सगळं कळलं. एवढी हवा सुटली म्हणजे चढ लागल्यापासून तरी फुसकती, मोठी शिट्टी वाजत असणार. गाडीतल्या दुसऱ्या माणसाचे कान तर शाबूत होते. तो मुकाट चालवत राहिला होता आणि फक्त आकडा विचारत होता.

"बद्रीभाऊ, तुला आवाज येत होता ना?"

"कसला?"

"शिट्टीचा."

"मला कुठं काय ऐकू येतं," बद्रीनाथ हात पुसत म्हणाला. "वय झालं, उस्ताद."

त्याच चढावर दुसऱ्यांदा गाडी नेली तेव्हा काटा पाचशेच्या जरा वर जाऊन स्थिर राहिला. माथ्यावरच्या टपरीपाशी बद्रीनाथनं गाडी उभी केली आणि किल्लीला हात घातला.

"बंद नको करू," फकरोद्दीन म्हणाला. "दोनशेच्या खाली येऊ दे. तापलेला टर्बो असा एकदम बंद करत्यात का?"

दोघे बसून राहिले. इंजिन घुमत होतं. टपरीवाल्यानं दोन बोटं वर करून विचारलं, बद्रीनाथनं मान हलवली. फकरोद्दीनला या माणसाच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण हाताला ग्रीस होतं.

"मला शिट्टी ऐकू येत न्हाई, बद्रीभाऊ," तो म्हणाला. "लई दिवस झाले. दिवाळीत सोनूबाईला माझ्यामुळं उन्हात बसावं लागलं."

बद्रीनाथनं समोर रस्त्याकडे बघतच विचारलं,

"किती झालं?"

फकरोद्दीननं काट्याकडे पाहिलं. बसल्या जागेवरून आकडा स्वच्छ दिसत होता, मान वळवायचीही गरज नव्हती. "दोनशे चाळीस," तो म्हणाला.

"मंग थांबू." मग काहीतरी आठवल्यासारखं म्हणाला, "आमच्या गावच्या तातेरावनंबी असाच काटा मागवलाय. मंगळवारी गाडी घेऊन येतो म्हणला तुमच्याकडं."

"त्याचा कुठं बसवायचा?"

"डावीकडं," बद्रीनाथ म्हणाला. "डावीकडंच बसवत्यात म्हणं."

काटा दोनशेच्या खाली उतरेपर्यंत फकरोद्दीननं त्याच्यावरची नजर हलवली नाही. उतरल्यावर बोटानं खूण केली आणि बद्रीनाथनं किल्ली फिरवली.

"चहा कुणाचा?" उतरता उतरता बद्रीनाथनं विचारलं.

"माझा," फकरोद्दीन म्हणाला. "पहिल्या चढाला बराबर नव्हतं."