पेंटरकाकांची लाल गाडी आणि मी

मित्रांनो, माझं रूप बघून तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा, मला राग येत नाही. मी एक जुना टेस्ट लॅम्प आहे. सुताराच्या पटाशीची लाकडी मूठ, तिच्या डोक्यावर गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब, पुढे घासून टोकदार केलेली सायकलची तार आणि मागे दोन हात लांब वायरीला बांधलेला चिमटा, असा मी चार ठिकाणच्या उरल्यासुरल्या वस्तूंचा मिळून एक झालो आहे. चिमटा बॅटरीच्या एका टोकाला लावायचा आणि तार गाडीतल्या वायरीला टेकवायची. वायरीत वीज असली तर मी पेटतो, नसली तर गप्प बसतो. एवढंच माझं शिक्षण.

मला ताईंच्या वडिलांनी बनवलं. ताई गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात आणि वडीलही तेच काम करायचे. लेक हाताखाली तयार झाली, तेव्हा त्यांनी तिला मीटर दिला नाही, पाना दिला नाही, मला दिलं. सोबत एक नेम दिला. रोज सकाळी पहिल्या गाडीला हात लावण्याआधी मला चांगल्या बॅटरीला लावून बघायचं. "दुसऱ्याचा दोष काढायला निघालोय, तर आधी आपला दिवा लागतो का ते बघावं," असं ते म्हणायचे. ताईंनी तो नेम कधी मोडला नाही. ताप असो, पाऊस असो, गिऱ्हाईक घाई करत उभं असो, सकाळी हात जोडावेत तितक्या शांतपणे त्या मला बॅटरीला लावायच्या. मी पेटलो की त्या किंचित मान हलवायच्या आणि आमचा दिवस सुरू व्हायचा.

पत्र्याच्या त्या गॅरेजचे दोन भाग होते. डावीकडे ताईंचे यजमान, म्हणजे मिस्त्री, इंजिनं उघडत आणि उजवीकडे ताई वायरी तपासत. मधल्या खांबावर घड्याळ होतं, ते नेहमी दहा मिनिटं पुढे असे. गॅरेजच्या पुढे रस्ता वळणं घेत टेकडीवर चढायचा. त्या वळणांसाठी हौशी लोक आपल्या बुटक्या, वेगवान, दोनच माणसांच्या गाड्या घेऊन यायचे आणि त्यातल्या निम्म्या आमच्या दारात येऊन थांबायच्या. या गाड्या दिसायला देखण्या, पण स्वभावाने नाजूक. एकीचा हॉर्न डावीकडे वळताना आपोआप वाजायचा. एकीच्या काचा फक्त वर जायच्या, खाली यायला तयार नसत. मी त्यांच्या पोटात डोकं घालून दोष शोधून काढायचो आणि लोक ताईंना म्हणायचे, "तुमच्या हाताला यश आहे." ताई माझ्याकडे बोट दाखवायच्या. खरं सांगतो मित्रांनो, त्या दिवसांत मला थोडा गर्व झाला होता.

तो फार टिकला नाही. एकदा एक पिवळी गाडी आली. तिच्यात कंप्युटर होता आणि त्याच्या वायरी केसांसारख्या बारीक. मी जाड बल्बाचा, पेटायला मला घसघशीत वीज लागते. ताईंनी सवयीने मला त्या बारीक वायरीला टेकवलं आणि कंप्युटर जळाला. आवाजसुद्धा झाला नाही, नुसता वास आला. ताईंनी चूक कबूल केली आणि स्वतःहून नवा कंप्युटर बसवून दिला. मला मात्र त्यांनी पुसून खालच्या खणात ठेवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खणात चार वर्षं गेली. सोबतीला वाळलेल्या गोंदाची नळी आणि कोणत्याही कुलपाला न लागणारी एक किल्ली. वर टेबलावर आकडे दाखवणारा मीटर आला, मग गाडीशी बोलणारा स्कॅनर आला. ताईंचा नेम चालूच होता, पण आता बॅटरीला मीटर लागायचा. खणाच्या फटीतून मला ते रोज दिसायचं.

मग एका सकाळी पेंटरकाका आले.

काकांनी उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारातून एक मोडकी स्पोर्ट्स कार घेतली आणि अकरा वर्षं खपून तिला लालबुंद करून उभी केली. गाडी इतकी चकचकीत की मिस्त्रींनी तिच्या दारात बघून भांग पाडून घेतला. पण अर्धा तास चालली की ती भर रस्त्यात बंद पडायची आणि दहा मिनिटांनी, जणू काही झालंच नाही अशी, पुन्हा सुरू व्हायची. दोन गॅरेजवाल्यांनी बॅटरी बदलली होती, बॅटरी भरणारा अल्टरनेटर बदलला होता. तिसऱ्याने हात टेकले होते.

त्या दिवशी काकांबरोबर काकूही होत्या. त्यांच्या हातात घडीचं एक छोटं स्टूल होतं.

"बसायला खुर्ची आहे काकू," ताई म्हणाल्या.

"माहीत आहे गं. हे रस्त्यासाठी आणते," काकू म्हणाल्या. "तीन वेळा या स्टुलावर बसून गाड्या मोजल्यात मी. चौथ्यांदा बसायची वेळ आली की गाडी विकायची, असा यांनी मला शब्द दिलाय. आज सकाळी चौकात ती वेळ आली."

"स्टूल उघडलं नव्हतं," काका पटकन म्हणाले. "उघडायच्या आत गाडी सुरू झाली. ते धरायचं नाही."

"बघा, कसे वकिलासारखे बोलतात." काकूंनी स्टूल भिंतीला टेकवलं. "संध्याकाळी गाडी बघायला माणूस येणार आहे. तोवर सापडलं तर सापडलं."

काकांनी खिशातून फडकं काढलं आणि गाडीच्या आरशावर नसलेली धूळ पुसू लागले.

ताईंनी स्कॅनर लावला. त्याने एकदम चौदा दोष दाखवले.

"चौदा?" मिस्त्री वाकून म्हणाले. "इतके तर माझ्यातही नाहीत."

"तुमचे मोजायचे मी सोडून दिलेत," ताई शांतपणे म्हणाल्या. "एकाच वेळी चौदा ठिकाणी कोणी आजारी पडत नाही. यांचं मूळ एकच असणार." मग त्या काकांकडे वळल्या. "बंद पडायच्या आधी काय होतं?"

"काही नाही. छान चाललेली असते."

"काही नाही कसं? पंखा घरघरतो की," काकू म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"म्हणजे पुढे इंजिन गार करायचा तो. मी बाजूला नुसती बसलेली असते, मला ऐकू येतं. गाडी तापते, पंखा सुरू होतो, की गाडी बंद. चारही वेळा तसंच झालं."

"हे आधी का नाही सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"मला कोणी विचारलं का? तीन गॅरेजं झाली. सगळे तुमच्याशीच बोलतात."

ताईंच्या डोळ्यांत मला ओळखीची चमक दिसली. त्यांनी पंख्याचा जोड काढून त्यात मीटरच्या दोन्ही सुया लावल्या. मीटरने बारा पूर्णांक चार दशांश व्होल्ट दाखवले, म्हणजे वीज अगदी हवी तितकी. मिस्त्री म्हणाले, "इथे तर सगळं ठीक आहे." ताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. काही वेळाने त्या खाली बसल्या आणि खणाच्या कडीवर त्यांचा हात आला. तिथे तो क्षणभर थांबला. मला त्या पिवळ्या गाडीचा वास आठवला. त्यांनाही आठवला असावा.

खण उघडला.

"हा म्हातारा अजून आहे?" मिस्त्री म्हणाले. "परत कंप्युटर जाळायचाय का?"

"कंप्युटरच्या वाटेला याला नेणार नाही. ही पंख्याची जाड वायर आहे, इथे याचाच मान," ताई म्हणाल्या. "मीटर नुसतं बघून सांगतो, त्याला वीज अशी लागतच नाही. हा वीज खाऊन सांगतो. पाहुणा दारातून बघून गेला, तर घरात भाकर आहे का नाही ते कळत नाही. जेवायला बसवावं लागतं."

पण आधी नेम. त्यांनी मला चांगल्या बॅटरीला लावलं आणि मी पेटलो नाही. मित्रांनो, माझ्या मनाची काय अवस्था झाली म्हणून सांगू. चार वर्षं ज्याची वाट बघितली तो क्षण आला आणि मी अंधारात. मिस्त्रींनीसुद्धा टोमणा मारला नाही.

ताईंनी माझा बल्ब बघितला, तो धड होता. मग चिमटा उजेडात धरला. त्याच्या दातांवर हिरवट गंज चढला होता. त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन एकेक दात घासला आणि चिमटा पुन्हा लावला. मी लख्ख पेटलो. ताईंनी मान हलवली, पूर्वीसारखीच.

मग मला पंख्याच्या जोडात लावलं. टोक येणाऱ्या वायरीला, चिमटा परत जाणाऱ्या वायरीला. मी विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस झालो, बस. ताईंनी चिमटा तिथून काढून सरळ बॅटरीच्या वजा टोकाला लावला, तर मी झगझगीत.

"वीज येतेय नीट," ताई म्हणाल्या. "तिला परत जायला वाट नाहीये."

त्यांनी परतीच्या काळ्या वायरीवरून बोट फिरवत नेलं. ती वायर हेडलाइटच्या मागे एका बोल्टने गाडीच्या लोखंडाला घट्ट बसवलेली होती. तिथेच कंप्युटरचीही काळी वायर येत होती. पंख्याने परतीची वाट अडवली की कंप्युटर गुदमरायचा आणि गाडी बंद व्हायची. बोल्ट मात्र इतका सुंदर होता की बघत राहावं. लाल, गुळगुळीत, चकाकता.

"काका," ताईंनी हळूच विचारलं, "हा रंग तुम्ही दिलात?"

"तीन हात," काका अभिमानाने म्हणाले. "खाली प्रायमर. उघडं लोखंड दिसलं की माझा हात शिवशिवतो. गंज लागायला नको म्हणून."

"वायर बसवायच्या आधी दिलात की नंतर?"

"आधीही आणि नंतरही."

मग काका स्वतःच खाली बसले. "रंगातून वीज जात नाही," ते म्हणाले, विचारल्यासारखं नव्हे, आठवल्यासारखं. "गार असताना बोल्टच्या आट्यांतून थोडीशी वाट मिळत असेल. म्हणजे हिला मीच..."

"जिवापाड जपलंत तुम्ही," ताई म्हणाल्या. "फक्त इथे थोडं कमी जपायला हवं होतं."

काकांनी पॉलिश पेपर मागून घेतला. दुसऱ्या कोणाला त्यांनी हात लावू दिला नाही. वायर सोडली आणि रुपयाएवढी जागा घासून घासून पांढरी केली. दर दोनदा घासलं की ते कळवळत होते. मग ताईंनी वायर कसली, वरून ग्रीस चोपडलं आणि मला पुन्हा जोडात लावलं. माझा उजेड थेट काकूंच्या चष्म्यावर पडला.

पंख्याचा जोड बसवला, गाडी सुरू केली आणि सगळे गाडीभोवती उभे राहून तापमानाच्या काट्याकडे बघत राहिले. काटा चढला. पंखा घरघरला. इंजिन चालूच राहिलं. पंखा थांबला, पुन्हा सुरू झाला. इंजिन चालूच. स्कॅनरवरचे चौदा दोष ताईंनी पुसले, त्यातला एकही परत आला नाही.

"मग त्या संध्याकाळच्या माणसाला काय सांगायचं?" काकांनी जरा घाबरतच विचारलं.

"येऊ नका म्हणून सांगा," काकू म्हणाल्या. "विकायची म्हटलं ते गाडीला कंटाळून नाही हो. तुम्ही रस्त्यात तिच्याशेजारी अपराध्यासारखे उभे राहायचात, ते बघवत नव्हतं." मग त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या. आज टेकडीवर मी नेते. तुम्ही बाजूला बसा आणि कान उघडे ठेवा."

लाल गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा मिस्त्रींच्या लक्षात आलं की स्टूल भिंतीशीच राहिलं आहे. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, तर ताई म्हणाल्या, "राहू दे. विसरल्या नाहीयेत त्या."

मी आता खणात नसतो, त्या स्टुलावर असतो, मीटरच्या शेजारी. बारीक वायरी त्याच्या, जाड वायरी माझ्या, आमचं भांडण नाही. मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू असेल, एखादं जुनं माणूस असेल. पेटत नाही म्हणून लगेच आत टाकू नका. दात थोडे घासून बघा. आणि ज्याला जीव लावता, त्याला नुसतं वरवर चमकवू नका. त्याच्या शेजारी जो गप्प बसलेला असतो, त्याला एकदा विचारा.

उद्या सकाळी ताई मला बॅटरीला लावतील. मी चिमटा स्वच्छ ठेवून तयार आहे.