डबीत भरली केळीबागेची माती

मी शौचाच्या नमुन्याची डबी बोलतेय. अहो, नाक कशाला दाबता? माझ्यात केळीबागेची माती आहे. तेच तर माझं दुःख!

माझ्या झाकणाला काडी जोडली, तेव्हाच मला माझं काम कळलं होतं. वय वाढलेल्या माणसानं काडीनं चिमूटभर नमुना आत टाकायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात आहे का, ते लॅबवाले बघणार. मोठ्या आतड्याचा कर्करोग व्हायच्या आधीच अडवता येतो, तो असा. किती सोपं!

बुऱ्हाणपूरच्या तपासणी शिबिरातून मला कॉलेजात शिकणारी भूमिका बहादरपूरला घरी घेऊन आली. तिचे मामा याच आजारानं गेले होते. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आता तिचे वडील उखर्डू पंचावन्नचे झाले होते.

"मले काय झालं? रोज सकाळी पोट साफ!"

"मामापण असंच म्हणायचे, बाबा."

उखर्डू मला उपरण्यात लपवून बागेकडे निघाले. मला वाटलं, आला माझा क्षण! पण त्यांनी काय केलं? बागेच्या चारी कोपऱ्यांतली माती खणली, खडे निवडले, सावलीत वाळवली आणि काडीनं दाबून दाबून माझ्यात भरली. माती परीक्षणाला देतात, अगदी तश्शी.

"घे. आता डोकं नको खाऊ," त्यांनी मला भूमिकाच्या हातात दिलं.

तिनं मला न उघडताच लॅबमध्ये पोचवलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या दिगंबरचा फोन आला. "ताई, काकांचा नमुना मस्त भुसभुशीत आहे. रक्त नाही, पण एक गांडूळ निघालं. काका ठीक तो हैं ना?"

भूमिकाची आई, मंगलाबाई, तव्यावरची भाकर तशीच टाकून उठल्या. "शेणखत दोन्ही हातांनी कालवता, तव्हा नाही लाजत? अन् सोताच्या चिमूटभराची लाज! माझा भाऊ असाच लाजत गेला."

भाकर करपली. कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

"दुसरी डबी आण, पोरी," उखर्डू शेवटी म्हणाले.

माझ्या त्या बहिणीत रक्त सापडलं. मग डॉक्टरांनी दुर्बिणीनं आतडं तपासलं. आत एक छोटी गाठ होती. कर्करोग नव्हता, पण पुढे झाला असता. तिथल्या तिथे काढून टाकली.

"म्हणजे केळीच्या बुडाचे फालतू कोंब छाटतो, तसंच की!" उखर्डू म्हणाले. डॉक्टरांनी मान डोलावली.

मी मातीसकट परत आले. आता ओसरीतल्या कोनाड्यात असते. कुणी पाहुणा "मले काय झालं?" म्हणाला, की उखर्डू मला त्याच्या चहाशेजारी ठेवतात. "पाव्हणं, अशी डबी आणा. माती मी भरून बसलो, तुम्ही खरा माल भरा!"

पाहुण्याचा चहा तसाच राहतो.

माझा जन्म तर असा गेला. तुमच्या घरी येईल त्या डबीचा तरी वाया घालवू नका. लाजायचंच असेल तर तपासणीनंतर लाजा. लाजायला भरपूर आयुष्य उरेल.