पान बेचाळीस

सोळा वर्षं मी या केंद्रात आहे. कामगार बायकांच्या साक्षी गोळा करायच्या, अहवाल करून सरकारपुढे मांडायचे, हे आमचं काम. फादर म्हणतात, न्यायासाठी झटणं हीसुद्धा प्रार्थनाच. असेल. पण नव्या अहवालाच्या मुखपृष्ठावर नाव कुणाचं? सहा महिन्यांपूर्वी आलेल्या पदवीबाईचं. माझं शेवटच्या पानावर, आभारात, झेरॉक्सवाल्याच्या खाली.

जळले मी, खोटं कशाला बोलू? तिनं "ताई, चहा आणू?" विचारलं तरी अंगाचा तिळपापड व्हायचा.

अहवाल कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या बायकांवर होता. तिथल्या वाफेनं त्यांची छाती कामातून गेलेली. साक्ष देणारीला आम्ही खोटं नाव देतो, कारण मालकाला कळलं तर नोकरी गेलीच. छपाईच्या आदल्या दुपारी फादरांनी प्रत माझ्यापुढे ठेवली. "तुझी नजर घारीची. एकदा बघून घे."

पान बेचाळीसवर घारीला सापडलं. "डाव्या हाताला दोन बोटं नाहीत, इस्त्रीच्या यंत्रावर काम." अख्ख्या कारखान्यात अशी बाई एकच. मालकाला नाव हवंय कशाला? आणि ही बाई माझी. सहा वर्षं मी तिच्या दारात जाऊन बसले, ती हवापाण्यावर बोलायची. पदवीबाईला दोन भेटींत सगळं सांगून मोकळी! वर खोटं नाव ठेवलंय चक्क माझं. मला खिजवायलाच, दुसरं काय.

मी प्रत मिटली. छापू दे. बोभाटा झाला की कळेल सगळ्यांना, पदवी वेगळी आणि अक्कल वेगळी. त्या बाईचं काय होईल, हे मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते बाजूला सारलं. फादरांना सांगून आले, "पाहिलं. ठीक आहे."

संध्याकाळी पदवीबाई खऱ्या नावांची यादी माझ्या कपाटात ठेवायला आली.

"ताई, रागावू नका हं. पान बेचाळीसवर तुमचं नाव आहे. यावेळी मी बायकांनाच नावं निवडायला सांगितली. बाकीच्यांनी नट्यांची घेतली. बेचाळीसवरच्या बाई म्हणाल्या, सहा वर्षं ताई आल्या, कधी खोदून विचारलं नाही. घरच्या माणसाला दुखणं सांगवत नाही, तुला सांगते. पण नाव ताईंचं लाव, म्हणजे मला भीती वाटणार नाही."

माझ्या हातातली कपाटाची किल्ली खाली पडली. तिनं उचलून दिली.

मी तिला हाताला धरून फादरांच्या खोलीत नेलं. पान बेचाळीस उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि बोटांच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे छापू नका. ती ओळखू येईल."

वाचता वाचता पदवीबाईचा चेहरा उतरला. फादरांनी चष्मा काढला. "पण तू तर पाहिलं म्हणालीस."

"पाहिलं होतं, फादर," मी म्हटलं. "तेव्हाच पाहिलं होतं."