मापाबाहेरचा पूल

परीक्षक बाईंनी पूल दोन्ही हातांनी उचलला आणि लाकडी चौकटीत उतरवला. एक टोक तळाला टेकले. दुसरे टेकेना. बाईंनी बोटाने ते जरासे दाबले. पूल करकरला, तशी टेबलापलीकडे उभ्या असलेल्या मुलीने त्यांचे मनगट धरले.

"दाबू नका. मोडेल."

"दाबत नाही गं. बघतेय नुसतं."

पूल पातळ लाकडी काड्यांचा आणि गोंदाचा होता. मेळाव्यातल्या पुलांच्या स्पर्धेत चौकट जेवढी लांब, तेवढीच लांबी नियमात बसत होती. जो पूल तिच्यात सपाट बसेल, तो पहिल्या गटात. न बसणाऱ्या पुलालाही वाळूची बादली टांगून तोडून पाहायची मुभा होती, पण त्याचे नाव दुसऱ्या गटात जाई. दुसऱ्या गटाला नंबर नव्हता आणि पुढची फेरीही नव्हती. पूल एकदा टेबलावर ठेवला की त्याला पाते लावायचे नाही, हेही भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते.

त्या मुलीला घरीदारी सगळे मुंगी म्हणत. तिची जोडीदारीण वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून तिचे नाव शिडी. शिडी वाकून चौकटीत डोकावली.

"केवढंसं जास्त आहे ते! तांदळाच्या दाण्याएवढंसुद्धा नसेल."

"आहे ना पण," मुंगी म्हणाली.

बाईंनी तिच्या छातीवरचे नावाचे कार्ड वाचले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"तू टेलरबाईंची मुलगी का गं?"

"हो."

"अगं बाई. माझे सगळे कपडे तीच शिवायची. असा हात नाही पुन्हा मिळायचा." बाईंचा आवाज मऊ झाला.

मुंगीची मान ताठ झाली. आई गेल्यापासून सगळे तिच्याशी याच आवाजात बोलत होते. शाळेत गणित चुकले तरी सर "छान, छान" म्हणून पुढे जात. शेजारणी डबे घेऊन येत आणि दारातच तिच्या गालावरून हात फिरवत.

बाईंनी डावीकडे पाहिले. तिथे उंदराच्या सापळ्यावर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत लागली होती आणि सगळे त्या बाजूला आरडाओरडा करत होते. उजवीकडचे परीक्षक कागदी विमानामागे धावत होते.

"बसला म्हणू या," बाई हळूच म्हणाल्या. "एवढ्याने काय आभाळ कोसळतंय?"

"पण बसलेला नाहीये."

"मी म्हणतेय ना बसला."

"तुम्ही म्हणून कसा बसेल?"

बाईंनी पेन खाली ठेवले. दोरीपलीकडे पालक उभे होते. त्यांतल्या एकाला त्यांनी हाताने बोलावले. मुंगीचा बाप घरे रंगवण्याचे काम करायचा. आज धुतलेला शर्ट घातला होता, तरी नखांच्या कडांना पांढरा रंग होताच. तो दोरीखालून वाकून आला.

"हिला समजवा हो. मी आत घेतेय आणि हीच नको म्हणतेय."

रंगाऱ्याने चौकटीत पाहिले. वर राहिलेले टोक पाहिले आणि त्याला कळले.

बायकोच्या शिलाई मशीनशेजारच्या खिळ्याला कापडी टेप टांगलेली असे. वर्षानुवर्षे ओढून ओढून ती ताणली गेली होती. बायको तिला लबाड म्हणायची आणि कापड बेतताना खूण जराशी अलीकडे करायची. नवी टेप आण, असे त्याने कितीदा सांगितले होते. "हिची लबाडी मला पाठ आहे," ती म्हणायची, "नवीची कोण शिकत बसणार?" मुंगीने काड्या कापायला घेतल्या, तेव्हा तीच टेप खिळ्यावरून काढली होती. तो तेव्हा दारात उभा होता. त्याच्या पिशवीत पोलादी टेप होती. ती त्याने बाहेर काढली नव्हती.

"बाई, तुमचे उपकार होतील," तो म्हणाला. "हिची आई गेल्यापासून पोरीने एवढी एकच गोष्ट मनावर घेतलीय. जेवत नव्हती, बोलत नव्हती—"

"बाबा, आईला मधे आणू नका."

"अगं, त्या आपल्या चांगल्यासाठीच सांगतायत."

"मला नकोय तसलं चांगलं."

"तुझी चूकच नाही यात!" तो घाईने म्हणाला. "ती टेपच ताणलेली आहे. तू बरोबरच मोजलंस."

मुंगी त्याच्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्याने नजर चौकटीकडे वळवली.

"मी मोजत होते तेव्हा तुम्ही दारात होतात."

"होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"इतकं मन लावून करत होतीस." तो नखाने नखावरचा रंग खरवडू लागला. "आईची टेप खोटी आहे, हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"चुकतंय, एवढं सांगायचं! आईने सांगितलं असतं. बाही उलटी लावली तर सगळी उसवायला लावायची. मी रडले तरी उसवायला लावायची. वर म्हणायची, रडून झालं की दिव्याखाली बस, नीट दिसेल." मुंगीचा आवाज चढला. "तुम्ही सगळे मला काचेचं भांडं समजता."

शेजारच्या रांगेतली मुले वळून पाहू लागली. बाई टेबलावरच्या पेनाशी चाळा करत राहिल्या.

"पूल तुझ्या एकटीचा नाही, मुंगे," रंगारी हलकेच म्हणाला. "हिचाही आहे. हिला विचारलंस?"

ते मुंगीच्या लक्षातच आले नव्हते. तिने शिडीकडे पाहिले. शिडीला पुढच्या फेरीला जायचे होते. तिथे रात्री मुक्काम होता, म्हणून तिने नवी बॅगसुद्धा घेतली होती.

"सांग तू," मुंगी म्हणाली.

शिडीने ओठ चावला. पूल पाहिला, भिंतीवरचे नियम पाहिले.

"सूट तुला मिळतेय," ती म्हणाली. "माझी आई तर तिकडे बाकावर बसून शेंगदाणे खातेय. मी काय म्हणून घेऊ?" मग तिने जोरात नाक ओढले. "पण मला खूप राग आलाय हं तुझा. घरी जाताना मी तुझ्याशी बोलणार नाहीये."

"नको बोलूस."

"नाहीच बोलणार."

मुंगी बाईंकडे वळली. "दुसरा गट लिहा."

"बघ बाई, पुन्हा नाही बदलता येणार."

"लिहा."

बाईंनी लिहिले. रंगारी दोरीखालून पुन्हा आपल्या जागी गेला. जाताना त्याचा खांदा दोरीला अडकला, तो सोडवायलाही त्याला जरा वेळ लागला.

तोडायची वेळ आली तेव्हा दुपार झाली होती. दोन टेबलांच्या मधल्या मोकळ्या जागेवर पूल ठेवायचा, मधोमध साखळी अडकवायची, खाली बादली, आणि मापट्याने वाळू ओतायची. पुलाच्या वजनाच्या कितीपट वाळू पेलली, तो आकडा पाटीवर लागायचा. बादली हलली की पूल पिळतो आणि तुटतो, म्हणून जोडीदाराने दोन काठ्यांनी ती स्थिर धरायची. बऱ्याच मुलांचे पूल वाळू निम्मी व्हायच्या आधीच गेले. एका मुलाचा तर पहिल्याच मापट्याला गेला. "माझा पूल नव्हता, खारी होती," असे म्हणून तो स्वतःच हसला.

दुसऱ्या गटाला सगळ्यांत शेवटी बोलावले. तोवर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. शिडी राग विसरून गुडघ्यांवर बसली आणि काठ्या बादलीला लावल्या. मुंगी काड्या उडतात म्हणून दिलेला चष्मा चढवून ओतू लागली. ती भसकन ओतत नव्हती. बारीक धार धरत होती. तशी धार धरायला तिला कोणी शिकवले होते, हे रंगाऱ्याला ठाऊक नव्हते.

वाळू निम्म्यावर गेली. पूल खाली वाकला आणि तसाच राहिला.

"बास कर की," रंगाऱ्याशेजारी बसलेली मुंगीची मावशी पुटपुटली. "चांगला राहिलाय. घरी नेऊन कपाटावर ठेवता येईल."

"तोडायलाच केलाय तो," रंगारी म्हणाला. आपण हे बोललो, याचे त्यालाच नवल वाटले.

मुंगी थांबली नाही. काडी तडकल्याचा आवाज आला. तिने चष्म्यातून वाकून पाहिले आणि आणखी ओतले. मग एकदम कडाड आवाज झाला, बादली जमिनीवर आदळली आणि काड्या उडाल्या.

"मधला जोड!" मुंगी ओरडली. "शिडे, पाहिलंस? काडी नाही गेली, जोड गेला!"

"गोंद तू लावला होतास तिथे!"

"हो! मीच लावला होता!"

ती हसत होती. चष्मा नाकावरून घसरला होता आणि केसांत वाळू होती. पाटीवर आकडा लागला. पहिल्या तिघांत शोभला असता. त्यापुढे गट लिहिला होता, दोन, आणि नंबराच्या घरात आडवी रेघ.

संध्याकाळी सभागृहात बक्षिसे वाटली. मावशी मघापासून दोनदा उठून आयोजकांपाशी जाऊन आली होती आणि आल्यावर कोणाशी काही बोलली नव्हती. पुलांच्या स्पर्धेचे नंबर वाचण्याआधी निवेदकाने कागद बदलला.

"आणि आता एक विशेष बक्षीस," तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला. "मातृछत्र हरपूनही जिद्दीने या मेळाव्यात उतरलेल्या आपल्या एका छोट्या मैत्रिणीसाठी."

त्याने मुंगीचे पूर्ण नाव घेतले. टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतली माणसे मागे वळून शोधू लागली. एका बाईने पदराने डोळे टिपले.

मुंगी उठली नाही. तिने दोन्ही हात मांड्यांखाली सारले. ती समोर पाहत होती. वडिलांकडे तिने पाहिलेच नाही.

"लाजतेय वाटतं," निवेदक म्हणाला. लोक प्रेमाने हसले. "वडील आले असतील तर त्यांनी घेऊन यावं तिला."

"उठा ना, भाऊजी," मावशीने कोपर मारले. "मी किती सांगून करून घेतलंय."

रंगारी उठला. टाळ्या वाढल्या. तो चालू लागला नाही. जागेवरच उभा राहिला आणि टाळ्या थांबायची त्याने वाट पाहिली.

"आमचा पूल दुसऱ्या गटात आहे," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "दुसऱ्या गटाला बक्षीस नसतं."

"अहो, हे त्या स्पर्धेचं नाही. हे वेगळं—"

"दुसरं काही तिने केलेलं नाही."

तो खाली बसला. मावशीचा चेहरा लाल झाला होता.

"भाऊजी, अख्खं सभागृह बघतंय."

"बघू दे."

निवेदकाच्या हातात बक्षिसाची ढाल तशीच होती. तो ती टेबलावर ठेवायला जागा शोधू लागला. जागा नव्हती. शेवटी त्याने ती खुर्चीवर ठेवली, घसा खाकरला आणि पुलांच्या स्पर्धेतला पहिला नंबर वाचला.

तिसऱ्या रांगेतून एक जाडा मुलगा उठून पळत सुटला. मुंगीने हात मांड्यांखालून काढले आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"याचा बघण्यासारखा होता, बाबा," ती टाळ्या वाजवता वाजवता म्हणाली. "खालून कमान दिली होती त्याने."

"कशी?" रंगाऱ्याने विचारले आणि तोही टाळ्या वाजवू लागला.