तिमोतेआचा जबाब

जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, हा विद्यापीठाच्या मदत-केंद्राचा नियम. म्हणून नोएमी वाचत होती. समोर डोन्या तिमोतेआ, म्हणजे तिमोतेआबाई, लेम्पिराच्या डोंगरातून दोन बस बदलून राजधानीत, तेगुसिगाल्पाला, आलेली.

अठरा वर्षं कोर्टात टायपिंग करून नोएमी त्रेचाळिसाव्या वर्षी भ्रष्टाचाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कायदा शिकायला बसली होती. लाचखोरीने माणसाचा जगण्याचा हक्क जातो, हे तिला प्रबंधात सिद्ध करायचं होतं. सगळ्यांना ते ठाऊकच असतं, कायद्याला नसतं.

“‘माझी लेक एल्विरा, वय नऊ. सरकारी दवाखान्यातल्या औषधभांडारवाल्याला मी दोन कोंबड्या आणि घरचं चीज दिलं, तेव्हा त्याने कपाटातून दोन इंजेक्शनं काढून दिली. तिसऱ्यासाठी माझ्याकडे—’”

नोएमी वाचता वाचता थांबली. लाच देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार, हे तिने गेल्याच सत्रात घोकलं होतं. आठवड्यापूर्वी जबाब घेतल्यापासून या कागदाला ती पुरावा समजत होती. हा तर कबुलीजबाब होता. आणि विचारण्याआधी त्या बाईला तिने एका शब्दाने सावध केलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावरून तिचे मार्गदर्शक आर्हेन्याल सरांनी कागद ओढून घेतला.

“कोंबड्या काढ. ‘औषध मिळाले’ एवढंच लिही. हा जबाब आंतरराष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे जाणार, तिथून याची प्रत सरकारला जाते नोएमी, आणि सरकार आधी हिलाच धरेल.”

“मग औषध कपाटात होतं, हे कशावरून सर? ते म्हणतील, देशभर तुटवडा होता.”

“म्हणतीलच.”

“काय कुजबुजताय?” तिमोतेआने विचारलं. “मला शहरातलं कळत नाही, पण ऐकू येतं.”

नोएमीने सगळं सांगितलं. तुरुंगाचंही. तिमोतेआने कागदाकडे बोट दाखवलं.

“कोंबड्या काढल्या, तर माझी पोर कशाने गेली म्हणून लिहाल?”

“तुटवड्याने.”

“तुटवडा कसला गं! कपाटातल्या फळीवर ओळीने मांडलेलं होतं, मी या डोळ्यांनी पाहिलं. राहू दे कोंबड्या. त्यातली एक तर अंड्यावर आलेली होती, तेही लिही.”

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. नोएमीने पेन उचललं आणि मोठ्याने वाचत खाली लिहिलं: ‘हा जबाब मी बाईंना त्यांचा गप्प राहण्याचा हक्क न सांगता घेतला. नोएमी बारालागा.’

“यामुळे कदाचित इथलं कोर्ट कोंबड्यांचा मजकूर हिच्याविरुद्ध धरणार नाही,” सर म्हणाले. “कदाचित. पण तुझी पदवी गेली म्हणून समज. विद्यापीठाची नीतिसमिती हे वाचणार.”

“वाचू दे.”

“कशाला वेडेपणा करतेस पोरी?” तिमोतेआ म्हणाली. “माझ्यापायी?”

“तुमच्यापायी नाही डोन्या. चूक माझी आहे.”

तिमोतेआने अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. जरा जास्तच जोरात, टेबल हललं. मग शाईचा डबा तिने नोएमीपुढे सरकवला.

“आता तू.”

“मला सही येते.”

“येत असेल. मी तुझी सही ओळखू शकत नाही. अंगठा ओळखेन.”

नोएमीने अंगठा बुडवला.