डॉ. शबनम शहागंजकर यांचा शोधनिबंध

उस्मानपुऱ्यातल्या मंगल कार्यालयात त्या दिवशी मुंगी शिरायलाही जागा नव्हती. व्यासपीठावर धान्याच्या अडतीवर असतो तसला भलामोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात आरोग्य संशोधक डॉ. बद्रीनाथ मेघपुरे मांडी घालून बसले होते. अंगात पांढरा कोट, त्यावर भरजरी शाल. दुसऱ्या पारड्यात त्यांचेच छापील शोधनिबंध, लाल फडक्यांत बांधून गठ्ठ्यागठ्ठ्याने चढत होते. शेवटचा गठ्ठा पडला आणि सर अलगद वर उचलले गेले. टाळ्यांनी छप्पर दणाणलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात जोडले. एका म्हाताऱ्याने तर खाली ओघळलेला एक कागद उचलून कपाळाला लावला.

"मी काहीच सांगत नाही," सर पारड्यातूनच माइकवर बोलू लागले. "विज्ञान सांगतं. साडेतीनशे शोधनिबंध. बेचाळीस देशांतले शास्त्रज्ञ माझे संदर्भ देतात. तुमच्या गल्लीतला डॉक्टर कोण वाचतो? त्याचं अक्षर मेडिकलवाल्यालासुद्धा लागत नाही."

लोक खदखदून हसले. मागच्या पडद्यावर एक आकडा झळकला. सरांच्या कामाचा जगभरात किती ठिकाणी उल्लेख झाला, त्याचा तो आकडा. लोकांच्या डोळ्यांदेखत तो एकाने वाढला आणि सभागृहातून "आहाहा" असा आवाज उठला. मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी येताना पाहून उठावा, तसा.

मग शर्करांतक चूर्णाचे डबे बाहेर आले. हे चूर्ण घ्या, इन्सुलिनची सुई फेकून द्या. डब्यावर ठळक छापलेलं: जागतिक संशोधनाने सिद्ध.

दाराशी डॉ. मुनिरा उभी होती. उस्मानपुऱ्यातच तिचा दवाखाना. मधुमेहाचे तिचे पाचसहा पेशंट अचानक यायचे बंद झाले होते, ते सगळे तिला इथे भेटले. त्यांच्यातल्याच वैजापूरच्या द्वारकाबाई पुढच्या रांगेत होत्या. शेजारी त्यांचा मुलगा रामकिसन, वैजापूरच्या मोंढ्यातला कांद्याचा व्यापारी. छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला.

कार्यक्रम संपल्यावर मुनिराने त्यांना गाठलं. "मावशी, सुई बंद केली का?"

"व्हय, पोरी. रोज रोज टोचून पोटाची चाळण झाली होती. सरांचं चूर्ण लई गुणाचं हाय म्हणत्यात."

"मावशी, तुमचं शरीर सुईशिवाय चालायचं नाही. चूर्ण खायचं तर खा, पण सुई सोडू नका."

रामकिसन मध्ये पडला. "म्याडम, राग मानू नका. सरांचं साडेतीनशे वेळा छापून आलंय. तुमचं किती छापून आलंय?"

मुनिराचे सगळे मिळून दोन निबंध होते. तेही शिकत असतानाचे. ती तशीच दवाखान्यात परतली, आणि त्या प्रश्नाची चीड पुढे कितीतरी दिवस तिच्या मनातून गेली नाही.

पावसाळ्याच्या अखेरीस द्वारकाबाईंना चप्पल चावली. फोड आला, फुटला, काळा पडला. रामकिसनने सरांना फोन केला. सर म्हणाले, जुन्या इन्सुलिनचं विष बाहेर पडतंय, पडू द्या. ते पडेपर्यंत घरात वास सुटला. बाई बेशुद्ध झाल्यावर त्यांना शहरात आणलं. जीव वाचवायचा तर डावा पाय गुडघ्याखाली कापण्यावाचून इलाज नव्हता.

शस्त्रक्रियेनंतर मुनिरा भेटायला गेली. द्वारकाबाई पांघरुणाखालच्या मोकळ्या जागेकडे बघत पडल्या होत्या. "खाज सुटती गं तळपायाला," त्या म्हणाल्या. "खाजवायला जावं तर पायच नाय."

बाहेर व्हरांड्यात रामकिसन भिंतीला टेकून उभा होता. "सर म्हणतात, उशीर आम्हीच केला. आधी इतकी वर्षं सुई दिली म्हणून."

"आणि तुम्हाला ते पटतं?"

"इतकं छापून आलेलं खोटं कसं असंल, म्याडम?"

हा प्रश्न मुनिरा घरी घेऊन आली. रामकिसन मूर्ख नव्हता. कांद्याची गोणी नुसती हुंगून आतला सडका कांदा सांगणारा माणूस. पण छापील अक्षरापुढे त्याचं नाक चालत नव्हतं. मग ते हुंगायचं काम आपणच करायचं, असं तिने ठरवलं.

तिने मेघपुरे सरांचे निबंध वाचायला घेतले. पहिल्या दहांतच कळलं की मजकूर तोच, फक्त गावांची नावं आणि आकडे बदललेले. बहुतेक निबंध एकाच जर्नलमध्ये आलेले. नाव आंतरराष्ट्रीय, पत्ता परदेशी, आणि प्रमुख संपादक खुद्द मेघपुरे. जर्नलमध्ये निबंध छापण्याआधी दुसरे जाणकार तो तपासतात, चुका काढतात, पुरावा मागतात. इथे तपासणारं कोणी आहे की नाही? ते पाहायचा एकच मार्ग होता.

शहागंजात तिचे वहाबमामू राहायचे. मामींच्या हातची खट्टी डाळ साऱ्या खानदानात नावाजलेली. मुनिराने त्या डाळीची कृती घेतली आणि जड शास्त्रीय इंग्रजीत उतरवून काढली. डाळ शिजवणं झालं उष्माप्रक्रिया, चिंचेचा कोळ झाला आम्लद्रावण. मामी फोडणीला बघार म्हणायच्या, म्हणून निबंधाचं नाव ठेवलं, 'बघारोत्तर काळात तुरीच्या डाळीतील शर्करेचे निर्मूलन'. निष्कर्ष असा की जेवणानंतर सर्व रुग्ण समाधानी आढळले आणि दोघांनी आणखी वाढून मागितली. लेखिका म्हणून नाव दिलं मामूंच्या अंगणातल्या बकरीचं. डॉ. शबनम शहागंजकर.

"बेटा, बकरी कू डाक्टर बना दिए?" मामू म्हणाले. "कल कू फीस मांगेंगी."

आठवडाही उलटला नाही, तोच जर्नलचं उत्तर आलं. समीक्षकांनी एकमताने निबंध उचलून धरला होता. काम अत्यंत मूलगामी आहे. छपाईचं शुल्क तेवढं भरावं. आणि एक अट होती: निबंधात डॉ. मेघपुरे यांच्या पुढील वीस निबंधांचे संदर्भ जोडावेत. मुनिराने ती अट दोनदा वाचली. वाढत्या आकड्याचं गुपित तिथे उघडं पडलं होतं. नोकरीतल्या बढतीसाठी निबंध हवे असलेले शेकडो गरजू लोक इथे पैसे भरून छापून घेत होते, आणि प्रत्येक जण वेठीला धरल्यासारखा सरांचं नाव घेत होता. बेचाळीस देश म्हणतात ते हे.

तिने अट पाळली, शुल्क भरलं. डाळ छापून आली.

त्याच सुमारास सरांचा नवा निबंध निघाला, वैजापूर तालुक्यातल्या त्यांच्या चूर्णशिबिरात नोंदलेल्या रुग्णांवरचा. लगेच वैजापुरात त्यांचा सत्कार आणि चूर्णवाटप ठरलं. मुनिराने संयोजकांना कळवलं की सरांच्या कामाचा आधार घेणाऱ्या डॉ. शबनम शहागंजकर सत्काराला येऊ इच्छितात. होकार तासाभरात आला.

मग ती द्वारकाबाईंना भेटली आणि सगळं सांगितलं. बाईंनी लुगड्याचा काठ कापलेल्या पायावर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "मला न्हे तिथं. रामकिसनला आधी काय सांगू नको, त्यो येऊ द्यायचा नाय."

कार्यक्रमाला मोंढ्यातल्या शेडमध्ये हजारभर माणूस होतं. सर रंगात आले होते. "आज आपल्यात एक आंतरराष्ट्रीय विदुषी आहेत. डॉ. शबनम यांच्या कार्याशी माझा जुना परिचय. डाळींवरचं त्यांचं संशोधन मी स्वतः तपासलंय. त्यांनी व्यासपीठावर यावं."

वहाबमामू बकरीला दोरीने धरून पायऱ्या चढले. शबनमने व्यासपीठावर पोहोचताच सरांच्या हारातला झेंडू तोडून खाल्ला.

लोक आधी हसले. मुनिराने माइक घेतला तेव्हाही हसतच होते. तिने निबंध पडद्यावर दाखवला आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. तूर भिजवणं, हळद, चिंच, बघार. मागून एक बाई म्हणाली, "अगं, ही तर आंबट डाळ हाय." मग मुनिराने जर्नलचं उत्तर वाचलं, समीक्षकांची स्तुती वाचली, वीस संदर्भांची अट वाचली.

"सरांचे संदर्भ देणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी ही एक," ती बकरीकडे बोट दाखवून म्हणाली. "बाकीचे कसे मिळाले असतील ते तुम्हीच ओळखा. छापणारे सर, तपासणारे सर, आणि छापून यायचं तर सरांचंच नाव घ्यायचं. मग आकडा वाढणार नाही तर काय?"

मेघपुरे उठले. चेहरा लाल झाला होता. "हे षड्‌यंत्र आहे. औषध कंपन्यांची माणसं आहेत ही. कार्यालयातल्या कारकुनाची चूक झाली असेल, पण माझं चूर्ण हजारो रुग्णांवर सिद्ध झालंय."

"तुमच्या वैजापूरच्या निबंधात लिहिलंय, चूर्ण घेणाऱ्या एकाही रुग्णाचा पाय कापावा लागला नाही. बरोबर?"

"शंभर टक्के बरोबर."

शेडच्या कडेला लावलेल्या रिक्षातून दोघी बायांनी द्वारकाबाईंना खुर्चीसकट खाली घेतलं. लोक बाजूला होत गेले. हसणं थांबलं. खुर्ची व्यासपीठासमोर आली. बाईंनी लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि नुसत्या बसून राहिल्या.

रामकिसन डब्यांच्या ढिगामागून पुढे आला. आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "सर, शिबिरात मायचं नाव मी स्वतः लिहून दिलं होतं. ही तुमच्या निबंधात कुठं हाय?"

"अपवाद असतात. सगळेच मोजता येत नाहीत."

"जी बिघडली ती मोजायची नाय, असं का?"

सरांनी शाल सावरली. पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय असं काहीसं पुटपुटत ते मागच्या दाराने निघाले. त्यांना कोणी अडवलं नाही, पण पोचवायलाही कोणी गेलं नाही. गाडीपर्यंत एकटेच चालत गेले. पुढे पोलिसांत तक्रार झाली, चूर्ण तपासायला गेलं. त्यात मेथी, कडुनिंब आणि खडूची पूड निघाली. जर्नल एका दिवशी इंटरनेटवरून नाहीसं झालं. साडेतीनशेतले बहुतेक निबंध त्याच्यासोबत गेले, आणि जगात कोणाचंही काही अडलं नाही.

त्या दिवशी शेडमध्ये मात्र माणसं जागची हलेनात. रामकिसन आईच्या खुर्चीपाशी खाली बसला होता. द्वारकाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बायकोला मुनिराच्या दवाखान्यात आणणारा एक शेतकरी चिडून तिला म्हणाला, "डॉक्टरीणबाई, छापलेलं बी खोटं निघालं. आता आम्ही इस्वास ठिवायचा तरी कुणावर? तुमच्यावर?"

"माझ्यावरही ठेवू नका," मुनिरा म्हणाली. "मला विचारा. हे औषध कुणाला दिलं? ज्यांना गुण आला नाही त्यांचं काय झालं? दुसऱ्या कुणी, ज्याचा यात फायदा नाही अशाने, हे पुन्हा करून पाहिलं का? खरं संशोधन असल्या प्रश्नांना घाबरत नाही, ते प्रश्नांवरच उभं राहतं. उत्तर मिळालं नाही तर औषध घेऊ नका. उत्तर देणारा चिडला, तर मुळीच घेऊ नका. आणि तोवर चालू असलेली सुई बंद करू नका."

शेतकऱ्याने डोक्यावरचा रुमाल काढून खांद्यावर टाकला. मग तिथेच बाकावर बसला आणि म्हणाला, "मंग सांगा. माझ्या मालकिणीला तुम्ही जी गोळी चालू केली, ती कुणाकुणाला देऊन बघितली होती?"

मुनिराने खुर्ची ओढली, त्याच्यासमोर बसली आणि सांगायला लागली.